गोणीवरील महिने आणि आपलें ऊन

आपल्या संघाच्या भांडारानें यंदा फाल्गुनापूर्वीं कुंडींतील शोभेच्या झुडपांसाठीं आवरणयुक्त परदेशी खत एकत्र खरेदी करून सभासदांस वांटावें, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढें आली आहे. सूचना करणारे गृहस्थ तरुण, होतकरू व स्वतः रोपवाटिका चालविणारे आहेत. त्यांच्या हेतूविषयीं कोणासहि शंका नाहीं. खत एकत्र घेण्यासहि माझी हरकत नाहीं. परंतु तें 'आठ-नऊ महिन्यांचें' घ्यावें आणि फाल्गुनांत एकदांच द्यावें, या दोन गोष्टी मला मान्य नाहींत. व त्या कां मान्य नाहींत हें संपादकांच्या परवानगीनें येथें मांडूं इच्छितों. मी शास्त्रज्ञ नव्हे. उभी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. निवृत्त झाल्यापासून पुतण्याच्या रोपवाटिकेचा हिशेब लिहितों. हिशेब लिहितां लिहितां एका खर्चाचा मेळ लागेना, म्हणून त्याच्या मागें लागलों, एवढाच या विषयांतला माझा अधिकार.

ज्यांनीं हें खत पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगावयास हवें. दाणा ज्वारीच्या दाण्याएवढा, गोल व गुळगुळीत असतो. आंत नेहमींचेंच विद्राव्य रासायनिक खत, आणि त्याभोंवतीं राळेचें अथवा प्लॅस्टिकच्या जातीचें पातळ कवच. कुंडींतील ओल वाफेच्या रूपानें कवचांतून आंत शिरते, आंतले क्षार विरघळतात, आंत दाब वाढतो आणि तो रस कवचाच्या सूक्ष्म छिद्रांवाटें हळूहळू बाहेर पाझरतो. गड्याला वर्षाचा पगार एकदम हातांत दिला तर तो महिन्याभरांत उडतो. दरमहा दिला तर वर्ष निभतें. या खताची कल्पना नेमकी हीच. राळेच्या कवचाचें असें खत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत १९६७ सालीं बाजारांत आलें. तेथें डब्यांत व कुंड्यांत झुडपें वाढविण्याचा धंदा त्यापूर्वींच मोठा झालेला होता. साल, वाळू, पीट असल्या हलक्या मिश्रणांत खत टिकत नाहीं, रोज पाणी घालावें लागतें आणि पाण्याबरोबर खतहि वाहून जातें, ही त्या लोकांची अडचण. ती अडचण आपलीहि आहे, हें मी मोकळेपणें कबूल करतों.

शेतांतील जमिनीचें पोट मोठें असतें. आज दिलेलें कांहीं खालच्या थरांत जाऊन राहतें व मुळें तेथपर्यंत पोंचतात. कुंडींत आठ लिटर मिश्रण, त्याखालीं भोंक, आणि भोंकाखालीं खडी. त्यांत मृगापासून पुढें चार महिने आभाळ गळतें. रत्नागिरीकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथील कुंडींत आषाढांत घातलेला साधा युरिया किती दिवस राहात असेल याचा विचार ज्याचा त्यानें करावा. पावसांत दर आठ दिवसांनीं द्रवखत देत फिरणें बाराशें पिशव्यांच्या रोपवाटिकेस परवडत नाहीं; तितके हात कोणापाशींहि नाहींत. म्हणून हें खत निरुपयोगी आहे असें म्हणणारांपैकीं मी नव्हे. तें चांगलेंच आहे. प्रश्न एवढाच कीं, गोणीवर जे महिने छापलेले असतात ते कोणत्या मुलखाचे?

ज्यांनीं सातबाऱ्याचे उतारे वाचले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, खातेदाराचें नांव ठळक असतें, पण भानगड 'इतर हक्क' या रकान्यांत असते. या गोणीचेंहि तसेंच. पुढल्या बाजूस '१८-६-१२' हे आंकडे व 'आठ-नऊ महिने' हे शब्द ठसठशीत छापलेले. मागल्या बाजूस तळाशीं बारीक अक्षरांत, कीं हा कालावधि २१ अंश सेल्सिअस तपमानास धरलेला आहे. २१ अंश म्हणजे जुन्या मापानें ७० अंश फॅरनहाइट. जपानी मालावर २५ अंश असतात. पुण्याची पौष महिन्यांतली रात्रंदिवसाची सरासरी जेमतेम २१ अंशांच्या आसपास भरते. श्रावणांत ती २५ च्या जवळ जाते आणि वैशाखांत ३० च्या घरांत पोंचते. दुपारचा पारा तर पुण्यास ३८ ते ४० पर्यंत चढतो, आणि नागपुराकडे मे महिन्यांत ४२-४३ अंश ही नेहमींची गोष्ट.

आणि हें सर्व हवेचें तपमान. दाणा हवेंत नसतो, तो काळ्या पिशवींतल्या मिश्रणांत असतो. गेल्या वर्षीं चैत्राच्या शेवटीं दुपारीं तीन वाजतां, पश्चिमेकडील रांगेंतल्या पिशवींत कडेपासून दोन बोटें आंत मीं तपमापक खुपसला, तेव्हां तो ४६ अंश दाखवीत होता. हात लावला असतां पिशवी चुलीजवळच्या तांब्यासारखी लागत होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या कुंड्यांमध्यें ५० अंशांच्या वर तपमान मोजलें गेल्याच्या नोंदी आहेत; तेव्हां माझा तपमापक खोटें बोलला असें वाटण्याचें कारण नाहीं.

आतां या खताचा स्वभाव असा आहे कीं, मिश्रण अगदींच कोरडें पडूं दिलें नाहीं तर पाणी थोडें कीं फार यानें त्याच्या वेगांत विशेष फरक पडत नाहीं. जंतूंवर तें अवलंबून नाहीं, मातीच्या आम्लतेवरहि फारसें नाहीं. त्याला एकच धनी ठाऊक, आणि तो म्हणजे ऊष्णता. साधारणपणें तपमान दहा अंशांनीं वाढलें म्हणजे खत सुटण्याचा वेग दुप्पट होतो. २१ अंशांस जें आठ-नऊ महिने पुरणार तें ३१ अंशांस चार-साडेचार महिन्यांत संपतें. पिशवी त्याहून तापली तर त्याहून लौकर. याला मोठें गणित लागत नाहीं, तिसरी-चौथीच्या मुलानें करावें इतकें तें सोपें आहे. परंतु गोणी विकणारा तें करीत नाहीं आणि घेणारालाहि तें करावयाचें सुचत नाहीं.

आम्हांलाहि सुचलें नाहीं. दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. पुतण्याची रोपवाटिका सोलापूर रस्त्यास लागून अर्ध्या एकरांत आहे. जास्वंद, इक्झोरा, तगर, ड्युरांटा, अॅकॅलिफा अशा झुडपांच्या आठ लिटरी बाराशें पिशव्या त्यानें माघांत भरल्या. एका दुकानदारानें सांगितलें, "हें खत एकदां घाला आणि दिवाळीपर्यंत विसरा." लिटरला चार ग्रॅम, म्हणजे पिशवीस बत्तीस ग्रॅम, बाराशें पिशव्यांस अडतीस किलोंच्या वर लागलें, म्हणून चाळीस किलो घेतलें. युरियाची ४५ किलोंची गोणी अडीचशें ते पावणेतीनशें रुपयांस मिळते. आमच्या गांवीं त्या पैशांत या खताचा एक किलोहि येत नाहीं. निम्में उधारीवर आणलें. फाल्गुनांत घातलें. वैशाखांत इक्झोराच्या पानांच्या कडा तांबूस होऊन करपूं लागल्या, पाठोपाठ जास्वंदीचे शेंडे बसले. पुतण्यास वाटलें, ऊन लागलें. त्यानें वर दुहेरी जाळी ताणली. मला वाटलें, पाण्याची खोड असेल, कारण विहिरीचें पाणी त्या दिवसांत मचूळ होतें. दोघांचेंहि थोडेंथोडें खरें होतें, पण मुख्य कारण पिशवींतच होतें: आठ महिन्यांचा पगार तीन महिन्यांत वांटला जात होता, आणि तोहि अशा वेळीं, कीं घेणारा आजारी.

खरी मेख येथें आहे, व ती नीट ध्यानांत यावी म्हणून जरा थांबतों. थंड मुलखांत ऊष्णतेनें सुटणारें खत हें मोठें सोयीचें आहे. तेथें हिवाळ्यांत झाड झोपतें, तेव्हां खतहि जवळजवळ झोपतें. ऊन पडूं लागलें कीं झाड वाढीस लागतें, त्याच वेळीं खतहि मोकळें होऊं लागतें. दोघांची जोडी जमते. आपल्याकडे ही जोडी उन्हाळ्यांत फुटते. मिश्रण ३८-४० अंशांच्या पुढें तापलें म्हणजे बहुतेक झुडपांच्या मुळांची वाढ मंदावते व त्यांचें घेणें कमी होतें. म्हणजे ज्या महिन्या-दोन महिन्यांत झाड कमींत कमी खातें, त्याच महिन्यांत दाणा जास्तींत जास्त ओततो. न घेतलेलें खत क्षाराच्या रूपानें मिश्रणांत सांचतें. पाण्याची टंचाई असल्यामुळें आपण पाणीहि बेताचें देतों, त्यामुळें तें धुवूनहि जात नाहीं. मग कडा करपतात. पुढें मृगाचा पाऊस येतो, सांचलेलें सगळें वाहून जातें, झाड जोमानें उठूं पाहतें आणि तेव्हां दाण्यांत कांहीं उरलेलें नसतें. आमचींहि रोपें आषाढांत पिवळीं पडलीं. पाऊस भरपूर, हवा उत्तम, झाडांस भूक लागलेली आणि कोठार रिकामें! पुतण्या म्हणे, "काका, दाणे तर पिशवींत दिसताहेत." दिसत होते खरे. दोन बोटांत धरून दाबला तर आंत नुसतें पाणी. खत निघून गेलें तरी कवच तसेंच टुमटुमीत राहतें, हें त्या दिवशीं कळलें. त्या सालीं दसरा-दिवाळीच्या विक्रींत निम्म्याहून अधिक पिशव्या मागें राहिल्या, आणि दुकानदाराची उधारी मात्र आठ-नऊ महिने पुरली.

यावर कोणी म्हणेल, एका रोपवाटिकेच्या अनुभवावरून सर्वांस उपदेश कशाला? म्हणून गेल्या वर्षीं मीं एक साधा प्रयोग केला, जो कोणासहि पंधरा मिनिटांत करतां येईल. जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यांत वीस-वीस दाण्यांच्या पुरचुंड्या बांधल्या. कांहीं पश्चिमेकडील उघड्या रांगेंतल्या पिशव्यांत चार बोटें खोल पुरल्या, कांहीं आंब्याच्या सावलींतल्या पांढऱ्या कुंड्यांत. दाणे तेच, दिवस तोच, पाणी तेंच. महिन्यानें दोन्हींकडील एकेक पुरचुंडी काढून दाणे दाबून पाहिले. सावलींतल्या दाण्यांपैकीं बहुतेक आंतून अजून टणक होते. उन्हांतल्यांत टणक थोडे, पुष्कळसे द्रवानें भरलेले आणि तीन तर पार रिते. दोन महिन्यांनीं उन्हांतल्या पुरचुंडींत टणक दाणा एकहि नव्हता. सावलींतल्या निम्म्यांत अजून जीव होता. हें सर्व मीं तारीखवार वहींत लिहून ठेविलें आहे.

तेव्हां माझें म्हणणें असें. आपल्या हवेंत वर्षास एकदांच देण्याचें लांब मुदतीचें खत घेण्यांत अर्थ नाहीं, कारण देण्याची कोणतीहि वेळ निवडली तरी त्याच्या मुदतींत उन्हाळा नाहींतर आश्विनांतली ऊष्णता येतेच. त्याऐवजीं गोणीवर 'तीन-चार महिने' असें लिहिलेलें, नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाण असलेलें खत घ्यावें, व तें दोन हप्त्यांत द्यावें. पहिला हप्ता मृग लागतां लागतां, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत. पावसाळ्यांत पुण्याकडील मिश्रणाचें तपमान पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राहतें, त्यामुळें तीन-चार महिन्यांचें खत अडीच-तीन महिने तरी जातें, म्हणजे भाद्रपद गांठतें. आणि झाडाची वाढ नेमकी याच दिवसांतली. दुसरा हप्ता आश्विनांतलें ऊन उतरल्यावर कार्तिकांत. तो थंडींत सावकाश सुटून फाल्गुनापर्यंत पुरतो. मग चैत्र-वैशाखांत दाण्यांत फारसें कांहीं नसावें, हेंच बरें. त्या दोन महिन्यांत झाडाची भूक लहान असते. पंधरा दिवसांनीं एकदां शेंगदाण्याच्या पेंडीचें अगदीं पातळ पाणी गाळून दिलें तर तेवढ्यावर निभतें. गेल्या वर्षीं सहाशें पिशव्यांस आम्हीं मृगांत सोळा ग्रॅम व कार्तिकांत बारा ग्रॅम असें दिलें. मिश्रणांत पांचवा हिस्सा शेणखत होतेंच. दोन्ही मिळून अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे पूर्वींच्या बत्तिसाहून कमीच. कडा करपल्या नाहींत, आषाढांत पिवळेपणा आला नाहीं. इक्झोरा मात्र म्हणावी तशी फुगली नाहीं, तिला बहुधा लोह कमी पडलें. तो दोष खताच्या मुदतीचा नव्हे.

कोंकणांत थंडी नांवापुरतीच, तेव्हां तेथें कार्तिकांतला हप्ता माघांतच सरेल. महाबळेश्वर-पांचगणीकडील लोकांस गोणीवरील महिने बरेचसे जसेच्या तसे लागूं पडतील, ते भाग्यवान. नागपूर, चंद्रपूर, जळगांवकडील बंधूंनीं फाल्गुन-चैत्रांत हें खत हातांतहि धरूं नये.

देण्याच्या पद्धतीविषयीं दोन शब्द. नवी पिशवी भरतांना तें मिश्रणांत सर्वत्र सारखें कालवावें. फावड्यानें हळू कालवावें. मिश्रणाच्या यंत्रांत फार वेळ फिरविलें तर कवचें फुटतात आणि मग तें साधेंच खत झालें. खत कालवलेलें ओलें मिश्रण ढीग करून आठवड्याहून अधिक ठेवूं नये, कारण ओल लागली कीं दाणा कामास लागतो. ढिगाच्या आंतल्या उबेंत तर अधिकच. उभ्या झुडपास वरून द्यावयाचें असेल तर खोडापासून दूर, कडेकडेनें पसरून वर बोटभर पालापाचोळ्याचें खत टाकावें. उघड्यावर पडलेला दाणा दुपारीं तापतो, आणि पिशवी कलंडली तर सगळें खडींत सांडतें. एकाच भोंकांत मूठभर कोंबण्याची चाल कांहीं गड्यांस असते; तेथलीं मुळें जळतात.

ज्यांचा माल मोठा आहे त्यांनीं पाण्यांतील क्षार मोजण्याचें लहानसें विजेचें यंत्र, ज्यास ई. सी. मीटर म्हणतात, तें अवश्य घ्यावें. पेनाएवढें असतें व फार महाग नसतें. पिशवीस नेहमींप्रमाणें पाणी घालावें, अर्धा ते एक तास थांबावें, मग वरून पेलाभर पाणी सावकाश ओतून खालून येणारें पहिलें पाणी बशींत धरावें व त्यांत यंत्र बुडवावें. ही पद्धत अमेरिकेंत झुडपांच्या रोपवाटिकांतूनच रूढ झाली आहे. नुसतें आवरणयुक्त खत दिलेल्या झुडपांस ०.२ ते ०.५ मिलिसीमेन्स हा आंकडा तेथें योग्य मानतात. परंतु येथेंहि तेथला आंकडा डोळे मिटून घेऊं नये. आमच्या विहिरीचें पाणीच वैशाखांत ०.८ दाखवितें! तेव्हां आधीं नुसतें पाणी मोजावें व तेवढें वजा करावें. गेल्या वैशाखांत जुन्या पिशव्यांपैकीं, ज्यांत पूर्वींचें खत फेरभरणी करून पुन्हां घातलें होतें, अशा एकींतून आलेलें पाणी ३ च्या वर गेलें. ती पिशवी तीनदां भरपूर पाण्यानें धुतली तेव्हां झाड वांचलें.

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप आमच्या जुन्या मंडळींचा: शेणखत व निंबोळी पेंड हींहि हळूहळूच सुटतात, मग परदेशी दाण्यांची उठाठेव कशाला? घरीं दहा-वीस कुंड्या असणारास माझें उत्तर आहे, कीं खरोखरच उठाठेव करूं नका. चांगलें कुजलेलें शेणखत, थोडी पेंड आणि हातांत झारी एवढें पुरे. परंतु रोपवाटिकेंत निराळें आहे. हल्लीं मिश्रणांत कोकोपीट अधिक असतें, त्यांत अन्न जवळजवळ नसतें. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी येते व ती पिशवीच्या बंद जागेंत मुळें फस्त करते. शेणखत भरपूर घातलें तर पिशवी जड होऊन गाडीभाडें वाढतें. म्हणून पांचवा हिस्सा शेणखत व वर बेताचें दाणेदार खत, हा मधला मार्ग मला पटतो.

दुसरा आक्षेप असा, कीं आतां सरकारी युरियाच कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला मिळतो, तोहि हळू सुटणाराच. हा मोठा गैरसमज आहे. २०१५ पासून देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबलेप सक्तीचा झाला, आणि तो शेतासाठीं चांगलाच आहे; परंतु तो लेप म्हणजे कवच नव्हे. युरिया पहिल्याच पाण्यांत विरघळतो. लेपामुळें फक्त जमिनींतील जंतूंकडून त्याचें नायट्रेट होण्यास उशीर लागतो. आठ लिटरच्या पिशवींत विरघळलेला युरिया भोंकावाटें निघून गेल्यावर त्या उशिराचा उपयोग कोणास? जुलै २०२३ मध्यें गंधकाचें आवरण असलेला 'युरिया गोल्ड' आला. त्यांत ३७ टक्के नत्र व १७ टक्के गंधक असतें. तोहि शेतांतील पिकांसाठीं काढलेला. त्यांत स्फुरद नाहीं, पालाश नाहीं. जास्वंदीस फुलें यावयाचीं तर नुसत्या नत्रावर भागत नाहीं.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. आवरणयुक्त दाणे महाग, म्हणून रंगविलेले साधे दाणे पारदर्शक पुड्यांत भरून 'स्लो रिलीज' या नांवाखालीं सुटे विकले जातात. त्यांवर ना आंकडे, ना महिने, ना अंश. पारख सोपी आहे. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन दहा दाणे टाकून ठेवावे. खोटा दाणा कांहीं तासांत रंग सोडतो, ढिला होतो व विरतो. खरा दाणा कित्येक आठवडे गोल राहतो. भांडारानें खरेदीपूर्वीं ही चांचणी घ्यावी, आणि माल देणाराकडून हें खत ३० व ३५ अंशांस किती दिवस चालतें याचा तक्ता लेखी मागावा. असले तक्ते चांगल्या उत्पादकांपाशीं असतात. ज्याच्यापाशीं तो नाहीं, अथवा असून जो देत नाहीं, त्याची गोणी आपल्या आवारांत येऊं देऊं नये. तक्ता मिळाल्यास त्याचें मराठी करून प्रत्येक सभासदाच्या पुड्यावर चिकटविण्याचें काम मी विनामूल्य करीन. सुवाच्य अक्षर हीच माझी जन्मभराची मिळकत आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून टोंचते, व ती या खताच्या बाजूनें बोलतांना लपवूं नये. रितीं कवचें कुजत नाहींत. मिश्रण बदललें कीं तीं ओढ्याकडे जातात. आमच्या रोपवाटिकेच्या चरींत गेल्या पावसाळ्यांत तीं फेसाबरोबर तरंगत होतीं. युरोपांतील राष्ट्रांनीं २०१९ च्या खतविषयक नियमांत असें ठरविलें कीं, १६ जुलै २०२६ पासून अशा कवचांचा पदार्थ कुजणारा असला पाहिजे. आपण निदान चरीच्या तोंडाशीं बारीक जाळी लावूं शकतों. आम्हीं लावली आहे. ती आठवड्यांतून एकदां झाडावी लागते, नाहींतर पाणी तुंबतें.

शेवटीं खरेदीच्या वेळेविषयीं. फाल्गुनांत माल आणून गोदामांत ठेवला तरी पत्र्याखालीं तो तीन महिने तापणार. गोणी बंद व कोरडी असेल तर दाणा सुटत नाहीं हें खरें, पण आपल्या गोदामांत अर्धवट सोडलेल्या गोण्या कशा राहतात हें सर्वांस ठाऊक आहे. शिवाय माल हातांत आला कीं सभासद तो लगेच घालणार, हा मनुष्यस्वभाव. म्हणून मागणीपत्रें चैत्रांत घ्यावीं, माल ज्येष्ठाच्या आरंभीं आणावा आणि वांटप मृगाच्या आदल्या आठवड्यांत करावें. उधारीनें घेणारांस त्यामुळें आणखी एक लाभ होईल, तो म्हणजे पैसे भरण्याची मुदत दसऱ्याच्या विक्रीशीं जुळेल.

या विषयाचा विचार करण्यासाठीं भांडाराची सभा माघ महिन्यांत होणार आहे असें समजतें. उन्हांतल्या व सावलींतल्या पुरचुंड्यांचे दाणे मीं दोन निरनिराळ्या बाटल्यांत घालून ठेविले आहेत. त्या व तारखांची वही घेऊन मी येईन. ज्यांस दाणे दाबून पाहावयाचे असतील त्यांनीं अवश्य पाहावे. मात्र नंतर हात धुवावे.